देवीडॉक्टर शर्यतीत उतरतात

शांतवनरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून जो एकदा इमामपूरचा घाट उतरला, त्याला पुढे जन्मभर नास्तिक राहणं कठीण होतं. मी तर मुळातच भित्रा. पहिल्या खेपेला मी रामापासून सुरुवात केली, मधल्या वळणांवर मारुती आणि खंडोबा उरकले, आणि शेवटच्या उतारावर माझ्याही नकळत त्यांच्या प्रभू येशूला हाक मारली. खाली सपाटीला लागल्यावर शांतवनराव मागे वळून म्हणाले, "गुरुजी, आमच्यात यायचं तर रविवारी या. असं घाटात न्हाई घेत कुनाला."

आणि हे सगळं मागे बघून. पुढे रस्त्यावर एक म्हैस होती.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी घोडेगावात शाळामास्तर होतो आणि शांतवनराव माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांची बायको-मुलं नगरला. ते दर शनिवारी तिकडे जात आणि सोमवारी परत येत. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत, पण ते डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून लहान मुलांना देवी काढायच्या, म्हणजे दंडावर चार ठिकाणी देवीची लस टोचायची आणि त्याची नोंद ठेवायची, ही त्यांची सरकारी नोकरी. वय पंचेचाळीस, उंची बेताची, रुंदी सढळ. खाकी कोट, घोट्याशी सुतळीने बांधलेला पायजमा, डोक्याला गच्च गुंडाळलेला पटका.

आपण माणूस भेटला की त्याचं तोंड बघतो, शांतवनराव त्याचा दंड बघत. मी घोडेगावात आलो त्या दिवशी ते दारात आले आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाले, "डावी बाही वर करा." मास्तर असूनही मी मुकाट्याने केली. त्यांनी वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "चार काढल्या, तीन उठल्या. झ्याक हाय. बसा." माझ्याच खोलीत त्यांनी मला बसायला सांगितलं. एका लग्नात नवरी कशी आहे म्हणून कुणीतरी विचारलं, तर हे म्हणाले, "चांगली हाय की. चारी उठल्यात."

अशा मनमोकळ्या माणसाला साऱ्या पंचक्रोशीत एकजणही आनंदाने 'या' म्हणत नव्हता. रडणाऱ्या पोराला आया सांगत, "गप, न्हाईतर देवीडाक्टर यील." टोचायचं ते यंत्र कातडीवर गरकन फिरे, पोरं किंचाळत, मग दोन दिवस ताप येई. शिवाय देवी म्हणजे आईचा कोप, त्यात माणसाने हात घालू नये, असं मानणारी माणसंही पुष्कळ. त्यामुळे शांतवनरावांचं तट्टू लांबून दिसलं की बाया लेकरं काखोटीला मारून ज्वारीत शिरायच्या.

"गुरुजी, मदारी आला तर गाव गोळा हुतं," ते एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले. "बांगड्यावाला आला तरी हुतं. मी आलो की गाव रानात. वीस वर्सं झाली नोकरीला. मला येताना बघून कुनी हासत उभं ऱ्हायलंय, असं एकदा बी झालं न्हाई. एकदा तरी व्हावं राव."

हे ते हसतच म्हणाले, पण मी हातातला घास परत ताटात ठेवला.

लढाई संपल्यावर नगरच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. शांतवनराव तिथे घोंगडी आणायला गेले आणि मोटारसायकल घेऊन आले. कशी आणली ते मी विचारलं नाही. गिरणीएवढा आवाज करणारं ते हिरवं धूड त्यांनी एका ट्रकवर चढवून आणलं आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या मैदानात उतरवून घेतलं. बाजाराचा दिवस नव्हता ही देवाची कृपा. लिलावातल्या शिपायाने गाडी चालू कशी करायची, वेग कसा वाढवायचा, दिवा कसा लावायचा, हे सगळं दाखवलं होतं. थांबवायचं कसं, हे विचारायचं शांतवनरावांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ते मैदानात गोल फिरू लागले. मी कडेला उभा. प्रत्येक फेरीला ते माझ्यासमोरून जात आणि तेवढ्यात जेवढं बोलता येईल तेवढं बोलत.

"गुरुजी, ही थांबंना!" पहिली फेरी.

"नगरला जावा!" दुसरी फेरी.

"छावनीत इचारून या!" तिसरी.

नगर बावीस मैल. तरी मी कोटाची गुंडी लावली आणि निघायला वळलो, एवढा मी गोंधळलो होतो. चौथ्या फेरीला ते ओरडले, "भाकरी खाऊन जावा, घाई न्हाई!" शेवटी टाकीतलं पेट्रोल संपलं आणि गाडी आपोआप, शहाण्यासारखी, बाभळीखाली उभी राहिली. शांतवनराव उतरले. पटका सुटून गळ्यात आला होता, आणि तोंडावर असा आनंद की मी तसा पुन्हा फार थोड्या माणसांच्या तोंडावर पाहिला. "गुरुजी," ते म्हणाले, "गोल फिरन्यात लई मजा हाय."

आता कामं झपाझप होतील, दिवसाला तीन गावं उरकतील, असा त्यांचा हिशेब होता. घडलं उलटंच. तट्टू निदान पांदीतून गुपचूप जायचं. हिचा आवाज दोन मैलांवरून ऐकू येई, आणि ते पोचेपर्यंत गावात एक म्हातारा, दोन कुत्री आणि झाकलेल्या चुली एवढंच शिल्लक राही. मग त्यांनी तोडगा काढला. गावाअलीकडच्या चढावर इंजिन बंद करायचं आणि उतारावरून बिनआवाजी गावात शिरायचं. तीन-चार गावांत हे जमलं. बोरवाडीत जमलं नाही.

बोरवाडी म्हणजे घाटमाथ्यावरची पंचवीस-तीस घरांची वस्ती. तिथल्या एकाही पोराला दोन वर्षांत देवी काढता आल्या नव्हत्या. तट्टावरून गेले, धुरळा दिसला. गाडीवरून गेले, आवाज आला. इंजिन बंद करून गेले तर वाटेत बोरवाडीचाच एक गडी भेटला आणि गाडी बिघडली समजून बिचारा ढकलत, "देवीडाक्टरची गाडी मोडली व्हो" असं ओरडत त्यांना वस्तीत घेऊन आला. नोंदवहीत बोरवाडीच्या पानावर एकोणीस नावं आणि प्रत्येकापुढे 'गैरहजर'. ते पान उघडलं की शांतवनराव वही मिटून टाकत.

छावणीतल्या मैदानावर दर रविवारी सकाळी साहेबलोक मोटारसायकली पळवतात, आणि स्वतःची गाडी असेल तर बाहेरच्यालाही सरावाला येऊ देतात, ही बातमी त्यांनी कुठून काढली कोण जाणे. मुरमाची लांबट गोल वाट, दोन्ही कडेला दोरखंड. पहिल्या रविवारी मला साक्षीदार म्हणून नेलं. त्याआधी सकाळची उपासना होती. ती त्यांनी चुकवली नाही, पण बाकीच्या मंडळींचं गीताचं दुसरं कडवं चाललं असताना यांनी एकट्याने 'आमेन' म्हटलं, असं त्यांच्या बायकोने मला नंतर रागारागाने सांगितलं.

त्या वाटेवर झेंडा घेऊन एक हवालदार उभा असायचा, साताऱ्याकडचा, मिशाळ आणि तापट. पहिल्याच फेरीत त्याने शांतवनरावांना अडवलं. झालं होतं असं की मागून एक गोरा लेफ्टनंट भरधाव आला, तेव्हा यांनी गाडी कडेला घेतली, उभी केली, उतरले आणि सलाम ठोकला.

"अवो, हितं वाट द्यायची नसती, घ्यायची असती!" हवालदार म्हणाला.

"पर मागनं सायब येत हुता."

"गाडीवर बसला की सायब न्हाई न् कोन न्हाई. निस्ती गाडी."

शांतवनरावांना हे फारच आवडलं. वीस वर्षं साहेबांना वाट देण्यात गेलेल्या माणसाला कुणीतरी लेखी नसली तरी तोंडी परवानगी दिली होती. दुसऱ्या फेरीत त्यांनी त्याच लेफ्टनंटाला गाठायचा प्रयत्न केला आणि वळणावर मुरमात असे घसरले की गाडी एकीकडे आणि ते दुसरीकडे, दोघंही आपापल्या वाटेने दोरखंडापर्यंत गेले. मी धावलो. ते पाठीवर पडून आभाळाकडे बघत हसत होते. "गुरुजी, वळनावर भ्यायलं की ती पाडती. तट्टू बी असंच हुतं."

तिसऱ्या रविवारी भांडण झालं ते डबीवरून. लस नगरच्या दवाखान्यातून शनिवारी मिळायची. काचेच्या बारीक नळ्या, त्या पत्र्याच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात. उन्हात ठेवली तर लस मरते. शांतवनराव ती डबी गाडीच्या मागच्या कॅरियरला बांधून फेऱ्या मारत.

"ते वझं काडा," हवालदार म्हणाला.

"वझं न्हाई ते. चाळीस लेकरं हायेत त्यात. गाडी पळती तवर वाऱ्यानं फडकं गार ऱ्हातं. उबी केली की तापतं."

हवालदाराने बराच वेळ मिशीला पीळ दिला आणि मग स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतून फडक्यावर पाणी ओतलं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

त्या थंडीत छावणीने शर्यत जाहीर केली. सहा फेऱ्या, आठ गाड्या, आणि बाहेरच्यांपैकी एकटे शांतवनराव. घोडेगावात मी ही बातमी ज्याला-त्याला सांगत सुटलो. बोरवाडीची हौसाबाई बाजाराला आली होती, तिलाही सांगितली. हौसाबाई म्हणजे साठीची, गुडघे गेलेली, पण वस्तीतला बैल तिला विचारल्याशिवाय दावणीतून निघत नसे.

"आमाला बघाया यायाचंय," ती म्हणाली. "पर डाक्टर टोचंल."

"रविवार असतो. रविवारी सुट्टी," मी छाती पुढे काढून म्हणालो. "माझा शब्द."

हा शब्द दिल्याचं मी शांतवनरावांना सांगितलं नाही. वाटलं, बोरवाडी आलेली बघून त्यांना आनंद होईल. माणसाला अक्कल नसली की त्याचं मन फार मोठं होतं. आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बोरवाडीच्या शेजारच्या गावात देवीची साथ आली. दोन मुलं दगावली. शांतवनराव बोरवाडीला पुन्हा जाऊन आले. वस्ती रिकामी. त्या संध्याकाळी ते बोरवाडीचं पान उघडून बसले होते. शर्यतीला जायचं ना, असं विचारलं तर नुसती मान हलवली.

रविवारी मैदानाच्या कडेला बोरवाडीच्या चार बैलगाड्या पहाटेच येऊन थांबल्या होत्या. साट्यांवर पोरं, बाया, गाठोडी, आणि मधोमध हौसाबाई मांडीवर नातवाला घेऊन. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. झेंडा पडला. सात गाड्या सुटल्या. शांतवनरावांनी सवयीने झेंड्याला सलाम केला आणि मग सुटले, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटी.

पण काय सुटले! पहिल्या वळणावर दोघांना मागे टाकलं. पायजम्याची सुतळी तुटून एक पाय पताकेसारखा फडफडत होता. आमच्यासमोरून पहिल्यांदा गेले तेव्हा बोरवाडीने एकच कल्ला केला, "डाक्टर! डाक्टर!" पोरं उड्या मारत होती, दोन्ही हात आभाळात. शांतवनरावांनी मान वळवून पाहिलं. गॉगलमागचे डोळे दिसले नाहीत, पण दात सगळे दिसले. ज्या माणसाला बघून गाव रान गाठायचं, त्यालाच बघून माणसं उभी राहून ओरडत होती. मलाच भरून आलं.

दुसऱ्या फेरीत ते चौथे. तिसऱ्या फेरीत दुसरे. या वेळी मात्र ते हसत नव्हते. आमच्याकडे बघत होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. चौथ्या फेरीत पुढचा लेफ्टनंट वळणावर रुंद गेला आणि शांतवनराव आतून निघाले. पहिले! आमचे देवीडॉक्टर पहिले! मी टोपी उडवली, ती अजून सापडायची आहे. दोन फेऱ्या उरल्या होत्या. बोरवाडीसमोर ते आले, पोरांनी पुन्हा हात वर केले, सदऱ्यांच्या बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या, आणि शांतवनरावांनी डावा हात बाहेर काढून रीतसर इशारा केला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

मागून लेफ्टनंट सूं करून निघून गेला. हवालदाराने झेंडा जमिनीवर आपटला.

शांतवनराव इंजिन चालू ठेवूनच उतरले, कॅरियरची डबी सोडून हातात घेत दोरखंडाखालून वाकून आत आले. "एकोनीस हायेत गुरुजी. चार येळा मोजली. एकाच्या बी दंडाला डाग न्हाई."

पुढे काय झालं ते सांगायला नको. बोरवाडी उधळली. साट्यावरून पोरं टपाटपा खाली पडली, बाया छावणीच्या तंबूंकडे पळाल्या, आणि पळता पळता प्रत्येकीने माझा उद्धार केला. "गुरुजीनं शब्द दिला हुता! सुट्टी हाय म्हनला हुता!" पापणी लवते न लवते तोच चार गाड्यांवर हौसाबाई आणि मांडीवरचा नातू एवढेच उरले. शांतवनराव हातात नळी धरून उभे. इतका हरलेला माणूस मी पाहिला नाही.

"डाक्टर," हौसाबाई म्हणाली, "आमी तुला बघाया आलो, आन तू आमालाच बघाया आलास व्हय?"

"शेजारी देवी आल्यात हौसाबाई. दोन लेकरं गेली. शर्यत काय, पुन्यांदा हुईल."

"पयला हुतास ना?"

"हुतो."

म्हातारीने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी टोचून घिते समद्यास्नी. पर आदी फिरून ये. पोरं मगाधरनं तुझ्या नावानं वरडत्यात, त्यांचा घसा फुकट घालवू नगं."

"मी गेलो की तुमी पळशाल."

"ह्या गुडग्यांनी? आन माज्या बिगर गाडी जुपाया कुनाची छाती हाय? जा म्हनते ना."

शांतवनरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आता कुणालाच शब्द द्यायच्या लायकीचा राहिलो नव्हतो. त्यांनी डबी पुन्हा कॅरियरला बांधली आणि गाडीवर टांग टाकली.

एव्हाना बाकीच्या गाड्या शेवटच्या फेरीत होत्या. त्या पोचल्या, लेफ्टनंट जिंकला, टाळ्या झाल्या, आणि तरी मैदानात एक हिरवी गाडी एकटीच फिरत होती. शर्यत संपली होती, पण हवालदाराने झेंडा गुंडाळला नाही. तो दोन्ही हातांनी झेंडा धरून ताठ उभा राहिला. ते बघून शिपाई घरी जायचे थांबले. कुणीतरी गमतीने ओरडलं, मग सगळेच ओरडू लागले. एकट्या माणसासाठी सारं मैदान! शांतवनराव वाकलेही नाहीत, लग्नातल्या नवरदेवासारखे सरळ बसून फिरत होते, आणि सरळ बसूनही त्यांनी वळणं अशी घेतली की मी दोरखंड घट्ट धरला. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. कुठल्या देवाचं नाव घेत होतो ते आठवत नाही.

इकडे हौसाबाई साट्यावर बसल्या बसल्या एकेकीला नावाने हाका मारत होती. त्यातल्या शिव्या मी लिहू शकत नाही, पण त्या कामी आल्या. तंबूंमागून एक आली, मग दुसरी, मग तीन. "दोन पोरं गेली शेजारची, ठावं न्हाई का गं तुमाला? का आपल्याच्या दारात येस्तवर वाट बघायची?" त्यावर उरलेल्याही पोरांना ओढत आल्या.

शांतवनराव शेवटची रेघ ओलांडून न थांबता आमच्याकडे आले. इंजिन बंद केलं. गॉगल वर सरकवला आणि जागीच उभे राहिले. साट्यापाशी एकोणीस पोरं रांगेत होती. दोन-तीन आताच मुसमुसत होती, एकाला बापाने बगलेत धरून ठेवलं होतं, पण होती सगळी. हौसाबाईने नातवाची बाही वर केली. "ह्याच्यापासनं धर," ती म्हणाली.

तिकडे बक्षिसं वाटली जात होती, इकडे एकोणीस पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं होतं. हवालदार पाण्याची बाटली घेऊन आला आणि फडक्यावर पाणी घालत शेवटपर्यंत उभा राहिला. शेवटच्या पोराचा चौथा डाग झाला तेव्हा शांतवनरावांनी नोंदवही उघडली. त्यांना 'गैरहजर' खोडताना दिसेना, म्हणून वही माझ्या हातात दिली. डोळ्यांत मुरूम गेलाय म्हणाले.

उन्हाळ्यात त्यांची श्रीगोंद्याकडे बदली झाली, आणि नंतर आमच्या भेटी कमी होत गेल्या. मला ते आठवतात ते त्या दिवशी, सोमवारची वाट न बघता, परत येतानाचे. उन्हं कलली होती. औरंगाबादच्या रस्त्याला बोरवाडीच्या चार गाड्या पुढे आणि त्यांच्या मागे आमची मोटारसायकल, बैलांच्या चालीने. इंजिन तापून गुरगुरत होतं, दोन्ही पाय जमिनीला घासत होते, आणि माझ्या नाकातोंडात चार गाड्यांचा धुरळा.

"शांतवनराव, काढा की पुढे," मी म्हणालो. "रस्ता मोकळा आहे."

"न्हाई गुरुजी. आज मागंच ऱ्हाऊ द्या."

"का पण?"

त्यांनी हनुवटीने पुढे दाखवलं. शेवटच्या गाडीच्या साट्यावर पाच-सहा पोरं मागे तोंड करून बसली होती. दुखरा हात पोटाशी धरून दुसरा आमच्याकडे हलवत होती. आम्ही जरा मागे पडलो की ओरडत होती, "डाक्टर, ये की! ये की!"

"बलवत्यात," शांतवनराव म्हणाले, आणि वेग आणखी थोडा कमी केला.